गुच्छ गोठवणारे देवळे सर

२८ फेब्रुवारी २०२४. शाली, नारळ, हार आणि बॅनर मिळून सात हजार आठशे चाळीस रुपये. विज्ञान दिनाचा हा खर्च अमरावतीच्या आमच्या महाविद्यालयातील भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख भगवंत देवळे यांनी मंजूर करून घेतला. सगळ्या नोकरीत त्यांनी शाल पांघरायची एकही संधी सोडली नाही. प्रयोगशाळेत पाय ठेवायच्या मात्र पुष्कळ सोडल्या.

त्यांच्या हाताखाली भातकुलीची ज्योत्स्ना संशोधन करत होती. गरम वस्तूतून निघणारे, डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण टिपणारी चकती हा तिचा विषय. चकतीत अर्धवाहकाचे अतिशय पातळ थर असतात, त्यांना क्वांटम विहिरी म्हणतात. सरळ वरून पडलेला किरण या विहिरींना पकडता येत नाही. तो तिरपा वळावा म्हणून ज्योत्स्नाने चकतीवर बारीक खाचांची नवी रचना करवून घेतली होती. तिचा उपयोग मोजायचा तर चकती द्रवरूप नायट्रोजनने थंड करावी लागते; नाहीतर तिच्या स्वतःच्याच उष्णतेत संकेत बुडतो. चकती बाहेरच्या प्रयोगशाळेची, दुसऱ्या दिवशी परत जायची होती. या मोजणीवर ज्योत्स्नाची शिष्यवृत्ती वाढणार की संपणार, ते ठरायचे होते. नायट्रोजनचे भांडे तिने सकाळीच अकोल्याहून भरून आणले.

देवळे सरांनी ते भांडे थेट सभागृहात नेले.

"सर, हे दुपारच्या मोजणीसाठी आहे."

"काहून घाबरून राहिली वो? दोन मग्गे त काढून राहिलो. पाहुण्यायले काहीतरी दिसलं पायजे ना! तुह्या चकतीत काय दिसते?"

"सर, पशुवैद्यकीयवाले यात वळूचं रेत ठेवतात. तेही उगाच झाकण उघडत नाहीत."

मागे उभे असलेले प्राध्यापक हसले. सरांना ते स्वतःचे कौतुक वाटले.

त्यांनी पाहुण्यांच्या स्वागताचा गुच्छ नायट्रोजनमध्ये बुडवला आणि टेबलावर आपटून काचेसारखा फोडला. टाळ्या पडल्या. छायाचित्रकार उशिरा आला, म्हणून दुसरा फोडला. पाहुण्यांच्या सौभाग्यवतींसाठी तिसरा. मग मंचावर धार सोडून पांढरा धूर काढला आणि त्या धुरात उभे राहून शाल घेतली.

ज्योत्स्नाला तळाशी उरलेले मिळाले. तुलनेसाठी आधी बिनखाचांची जुनी चकती मोजणे भाग होते, ती मोजली. नवी पुरती थंड होण्याआधीच भांडे कोरडे पडले.

शिष्यवृत्ती ठरवणाऱ्या समितीने अर्धी तुलना स्वीकारली नाही. शिष्यवृत्ती संपली. समितीत देवळे सरही होते. "मुलीत चिकाटी नाही," असा शेरा त्यांनी दिला आणि धुरातले आपले छायाचित्र विभागाच्या वार्षिक अहवालात 'संशोधन' या सदराखाली छापले. ज्योत्स्ना आता अकोल्याला एका शिकवणी वर्गात अकरावीला शिकवते.

तिसरा गुच्छ आणायला सरांनी तिच्याकडूनच एकशे वीस रुपये घेतले होते. ते अजून दिलेले नाहीत.