बोल्टखालचा हिरवा रंग

माझी शेवटची पोस्टिंग ईशान्येच्या पहाडात होती. मी ऑटो इलेक्ट्रिशियन, हुद्दा हवालदार. साडेपाचला पीटी, आठला वर्कशॉप. गाडीत जे जे तारेवर चालतं, म्हणजे हॉर्न, वायपर, दिवे, ते सगळं माझ्याकडे. त्याच युनिटमध्ये नायक विठ्ठल टेकाम ड्रायव्हर होता. तो मारेगावचा, मी दारव्ह्याचा. आपल्या जिल्ह्याचे आम्ही दोघंच, त्यामुळे आपसात वऱ्हाडी चालायची. तो मला दादा म्हणायचा.

त्या वर्षीचं इन्स्पेक्शन आलं आणि युनिटला रंगाचं वेड लागलं. दरवर्षी लागायचं. दगडांना चुना, झाडांना गेरू, गाड्यांना हिरवा रंग. ब्रेकचं लायनर झिजलेलं असलं तरी चालेल, पण नटाला रंग नसेल तर शिव्या. वरून कीर्तन, आतून तमाशा. रंगवणाऱ्यांनी मागचे दिवे उतरवले, चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, रंगवली आणि दिवे परत बसवले. इन्स्पेक्शनवाल्या साहेबांनी रांगेवरून दोन मिनिटं नजर फिरवली आणि "व्हेरी गुड" म्हणून चहाला गेले. मला किळस आली होती. पण मी गप्प बसलो, कारण शाबासकीत माझाही वाटा होता.

चौथ्या दिवशी कॉन्व्हॉय, म्हणजे गाड्यांचा ताफा, निघायचा होता. आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला विठ्ठल आला.

"दादा, मागची लाइट पाहून दे न. पार्किंग लावून ब्रेक दाबला का इंडिकेटर मिचमिच करते. काहून असं?"

इथे थोडं समजावून सांगतो. करंट तारेतून दिव्यापर्यंत जातो आणि गाडीच्या लोखंडातून बॅटरीकडे परत येतो. परतीच्या या वाटेला आम्ही अर्थ म्हणतो. मागच्या दिव्यांची ती तार एकाच बोल्टने चेसिसला कसलेली असते. परतीची वाट बंद झाली की करंट भलत्या दिव्यातून वाट काढतो. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणला तर आधी अर्थ पाहायची, हे मी रिक्रुटांना शिकवत होतो.

आणि त्या संध्याकाळी मीच ते पाहिलं नाही. अजून सहा गाड्या बाकी होत्या. मी करंट तपासायच्या टेस्ट लॅम्पची क्लिप गाडी ओढायच्या टो हूकला लावली. हूक घासून घासून चकचकीत होता, तिथे रंग टिकला नव्हता. दुसरं टोक होल्डरला टेकवलं. लॅम्प लख्ख पेटला.

"करंट तर येऊन राह्यला. बल्बच गेला असन."

बल्ब बदलला. या खटपटीत तार हलली असणार, दिवा लागला. विठ्ठल मागे उभा राहून पाहत होता.

"बस का, दादा?"

"बस."

लॉगबुकात 'लाइट ओके' लिहून मी सही केली.

सकाळी सहाला बारा गाड्या निघाल्या. सवासातला धुकं इतकं दाटलं की बॉनेटपुढचं दिसेना. विठ्ठल त्याच गाडीत, चार नंबरवर, को-ड्रायव्हर होता, स्टिअरिंगवर दुसरा जवान. मी सर्वांत मागे, बिघडलेल्या गाड्या ओढणाऱ्या रिकव्हरी गाडीत. रेडिओ फक्त पहिल्या गाडीत आणि आमच्या. बाकीच्यांनी पुढच्या गाडीचे दिवे पाहूनच चालायचं. सात चाळीसला रेडिओ बोलला.

"आगे पत्थर गिरा है. हॉल्ट. ओव्हर."

"रॉजर. आउट."

चढावर गाडी थांबली की को-ड्रायव्हरने उतरून मागच्या चाकाला लाकडी ठोकळा लावायचा, ही ड्रिल. विठ्ठलने ड्रिलप्रमाणे केलं. तो वाकला होता. पाच नंबरच्या ड्रायव्हरला धुक्यात एकही लाल दिवा दिसला नाही.

मी पळत पोचलो तेव्हा विठ्ठल गेला होता. ठोकळा हातातच होता.

त्याला तिथून नेल्यावर मी चार नंबरच्या मागे बसलो. तोच टेस्ट लॅम्प घेतला. या वेळी क्लिप हूकला नाही, दिव्याच्या स्वतःच्या अर्थला लावली. पेटला नाही. बोल्ट खोलला. तारेच्या वॉशरखाली हिरव्या रंगाचे दोन जाड हात. आदल्या संध्याकाळी कशीबशी टेकलेली तार रस्त्याच्या हादऱ्यांनी लोखंडापासून सुटली होती. चाकूने खरवडलं, बोल्ट कसला, आणि दोन्ही बाजूचे दिवे लालभडक पेटले. 

इन्क्वायरीत पाच नंबरच्या पोरावर ठपका येत होता. लाइट ठीक असल्याचा पुरावा म्हणजे माझीच सही. मी उभा राहून सांगितलं, "सर, ती सही खोटी आहे." पोरगा वाचला. माझ्या रेकॉर्डला लाल शाई लागली, ती लागायलाच हवी होती. रंगवणाऱ्यांना आणि रंगवायला लावणाऱ्यांना कोणी काही विचारलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा डबे उघडले. त्या वासाने मी जेवलो नाही.

आता रिटायर होऊन मी दारव्ह्यात गाड्यांच्या इलेक्ट्रिक कामाचं दुकान चालवतो. मागच्या आठवड्यात तिथे बोरी अरबचा एक जीपवाला आला. सवाऱ्या भरून दारव्ह्याला फेऱ्या मारतो. पासिंगसाठी जीप नव्याने रंगवली होती, नवरीसारखी. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिचमिच.

"सायेब, उद्या पासिंग हाय. नवा बल्ब टाकून द्या न."

"बल्ब कायले टाकू? बल्ब चांगलाच आहे. बोल्ट खोल."

त्याने तोंड वाकडं केलं. नवा रंग खरवडायला त्याचा जीव होईना. मी पॉलिशपेपर त्याच्या हातात दिला आणि खालचं लोखंड चमकेपर्यंत त्यालाच घासायला लावलं. बोल्ट कसल्यावर तो ब्रेकवर बसला, मी मागे उभा राहिलो. दोन्ही दिवे लाल. इंडिकेटर गप्प.

खिडकीतून मान काढून त्याने विचारलं, "बस का, सायेब?"

मी नुसती मान हलवली.

नाही, विठ्ठल, त्या दिवशी बस नव्हतं. बोल्ट खोलायचा राहिला होता.