म्हाताऱ्याइचं दुकान

गावच्या ग्रुपवरल्या साऱ्याइले राम राम. शिव्या तर तुमी देणारच हा, त्याआधी हे वाचा.

आज सकाळी ग्रामसभा झाली. गावातलं एकुलतं एक किराणा दुकान चालू राहावं म्हणून सरकार मदत देते, फक्त गावाचा ठराव पाह्यजे. ते दुकान माहं.

सुधाकरभाऊ उठले. म्हणे, "आपण सारेच महिन्याचा किराणा बडनेऱ्याहून आणतो. शोभावैनीच्या दुकानात जाते कोण? म्हातारे. ते किती दिवसाचे?"

सभा पोट धरून हासली. ठराव नको म्हणून साऱ्याइचे हात वर गेले. मी घरी आली अन् शटर ओढलं.

दुपारी सुधाकरभाऊची माय गेली. रोज माह्या ओट्यावर बसून चायपत्तीची पुडी नेणारी माय.

थोड्या वेळानं भाऊ माहं शटर ठोकून राहिले होते. "वैनी, मयताचं सामान द्या. पांढरं कापड, मडकं, कापूर."

सगळं आतच होतं. मी म्हणाली, "दुकान बंद झालं, भाऊ. म्हाताऱ्याइवरच चालत होतं."

मंग त्याइनं बडनेऱ्याले गाडी पाठवली. तोवर माय अंगणात पडून होती, अन् तुमी सारे तिच्याभोवती बसून गाडीची वाट पाहून राहिले होते.

मी निर्दयी हावो, कबूल. पण सकाळी ज्याइनं ज्याइनं हात वर केले, त्याइच्या घरातही म्हातारे हायेत. एवढंच विचारणं हाये, पुढच्या महिन्याच्या किराण्यासंग त्याइचंही सामान आणून ठेवसान ना?