बारा सूर्यनमस्कार

ब्रिस्टलमधल्या आमच्या क्रिकेट क्लबात दहा वर्षांखालच्या टीममध्ये जोरात बोलिंग टाकणारी एकच मुलगी होती आणि ती माझी होती. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगत असे.

त्या मे महिन्यात तिचा खांदा दुखायला लागला. जूनमध्ये खांदा थांबला आणि पाठ सुरू झाली, खाली कमरेजवळ, डाव्या बाजूला. बायको म्हणाली, जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नेऊ या.

"घरात डॉक्टर असताना? काखेत कळसा आणि गावाला वळसा," मी म्हणालो.

"अरे, तू कान-नाक-घसा बघतोस. पाठ त्यात येत नाही."

मला राग आला. राग मला लवकर येतो, आणि ती बरोबर असली की जास्तच. माझं निदान तयार होतं: अंग आखडलंय, व्यायाम कमी पडतोय. पुण्यात माझ्या वडिलांनी आम्हा भावंडांकडून रोज सूर्यनमस्कार घालून घेतले होते आणि आमच्यापैकी कुणाचीही पाठ कधी दुखली नव्हती. म्हणून दुसऱ्या दिवसापासून सकाळी साडेसहाला बैठकीच्या खोलीतला सोफा सरकवला. ती बारा घालायची, मी आकडे मोजायचो. छान वळायचं तिचं अंग. पोटावर झोपून छाती उचलायची वेळ आली की ती ओठ घट्ट मिटून घेई. मी म्हणायचो, "अजून मागे. मान वर." दुखतंय का विचारलं तर म्हणायची, "फाइन."

ऑगस्टमध्ये एका मॅचला तिने तिसरा बॉल टाकला आणि तिथेच उभी राहिली. बॉल उचलायला तिला वाकता येईना. रडली नाही, हळूहळू चालत बाहेर आली. गाडीत तिला सीटबेल्टही लावता आला नाही, तो मी लावला.

त्यानंतर मात्र मी भ्यालो. इतक्या लहान मुलाची पाठ महिनोन्‌महिने दुखत असेल तर ती अंगावर काढायची नसते, हे मेडिकलच्या पोरांनाही ठाऊक असतं. मलाही होतं. कॉलेजात पाठ केलेल्या रोगांची नावं एकेक करून आठवायला लागली, आणि त्यातलं एक तर तोंडातून काढायचीही हिंमत होईना. स्कॅन झाला. रिपोर्टला दहा दिवस लागणार होते. ते दहा दिवस ती सीरिअल खात असताना मी तिच्या पाठीकडे बघत उभा राहायचो. बायको माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. तिने ओरडून भांडण केलं असतं तर बरं झालं असतं.

हाडांच्या डॉक्टरांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. गाठ नव्हती. मी श्वास सोडला. पण कमरेच्या एका मणक्याला बारीक चीर गेली होती. पाठ पुन्हापुन्हा मागे वाकवल्याने असं होतं, ते म्हणाले. बोलिंगमध्ये ते होतंच. मग खुर्ची तिच्याजवळ ओढून त्यांनी तिलाच विचारलं, अजून काही करतेस का? जिम्नॅस्टिक्स, डान्स?

तिने माझ्याकडे बघितलं नाही. "नो," ती म्हणाली, "ओन्ली क्रिकेट."

बायकोने माझ्याकडे बघितलं. डॉक्टर लिहायला लागले. खरं सांगायचं तर दोन-तीन सेकंद मी गप्प बसलो. त्या दोन-तीन सेकंदांची लाज मला आजही वाटते. मग मी सांगितलं. त्यांना नीट कळेना, दाखवता का म्हणाले. मी टायसकट उभा राहिलो, हात वर केले आणि मागे वाकलो.

"हे रोज?"

"रोज. बारा वेळा."

त्यांनी ते लिहून घेतलं. रागावले नाहीत. काही महिने खेळ बंद, हे वाकणंही बंद. हाड बहुतेक जुळून येईल, बोलिंगचं नंतर बघू, असं म्हणाले.

बायको गोळ्या आणायला फार्मसीत गेली. आम्ही दोघं गाडीत बसलो.

"बाबा, तू का सांगितलं?" मागून ती म्हणाली. "मी नाही सांगणार होते."

"ते करताना तुला दुखायचं?"

"एव्हरी टाइम."

"मग बोलली का नाहीस, बाळा?"

तिने जरा विचार केला. "तू काउंट करताना खूप हॅपी असतो. मॅचला पण तेवढा नसतो."

मी आरशातून तिच्याकडे बघितलं. तेव्हा ती म्हणाली, "इट्स ओके, बाबा," आणि माझ्या खांद्यावर हात ठेवायला पुढे वाकायला गेली, पण तिला वाकता येईना.