पावण्यांचं मांजर

मंचरच्या संगणक वर्गातल्या बाई नव्या माणसाला 'पावणं' म्हणतात. त्याचा पहिला प्रोग्रॅम चालला, की 'भाऊ'.

पत्नी गेल्यावर मी तिथं जाऊ लागलो. मला मोठ्यांची, प्रोग्रॅम लिहायची भाषा शिकायची होती. बाईंनी मुलांचे रंगीत ठोकळे उघडून दिले. ते एकाला एक जोडले, की पडद्यावरचं मांजर हलतं, बोलतं.

"पावणं, नांगराआधी खुरपं धरा. आन् ह्यात आवाज बी घालता येतो. हाय का कुनाचा?"

फोनमध्ये पत्नीचा एका वाक्यापुरता आवाज उरला होता. तो घातला. ठोकळे पुन्हा पुन्हा चुकले. बाई हात पाठीमागे बांधून उभ्या. शिकणाऱ्याच्या माऊसला त्या कधीच हात लावत नाहीत.

शेवटी मांजर बोललं, "अहो, गोळी घेतली का?"

वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "उत्तर द्या की, भाऊ!"

"घेतो गं," मी मांजराला म्हणालो.