साग्रांतिनो आणि बोंडू

"काय ग्रॅज्युएट, पुस्तक काय म्हणतंय?"

ग्लास दिव्यासमोर धरून, एक डोळा मिटून तो विचारायचा. बघत असायचा काचेवरचे बोटांचे ठसे, पण मला वाटायचं, हा माझ्यावरच डाग शोधतोय.

ग्रॅज्युएट मी आहेच, आणि ते सांगायला मला संकोच नाही. आई नगरला एका खानावळीत भाकऱ्या थापायची. तिथलं उरलेलं डब्यातून घरी यायचं, तेच आमचं जेवण. भात करपलेला असो की आमटी खारट, तोंडात घातलेला घास बाहेर काढायचा नाही, हा घरचा नियम. त्या जेवणावर मी हॉटेल मॅनेजमेंटची पदवी घेतली आणि आखातात, रास अल खैमाच्या एका हॉटेलात, इटालियन रेस्टॉरंटमध्ये लागलो. मला ग्रॅज्युएट म्हणणारा तो तिथे ग्लास धुवायचा, पुसायचा. राजापूरकडचा, दहावी नापास. दारू पिणार नाही, असा त्यानं आईला शब्द दिलेला.

वाइन कॅप्टनची, म्हणजे पाहुण्यांना कशाबरोबर कुठली वाइन घ्यावी ते सुचवणाऱ्याची, एक जागा निघणार होती. ज्याचं नाव मॅनेजर पाठवेल त्याची परीक्षा हॉटेल करून घेणार. ती जागा माझीच, असं मी धरून चाललो होतो आणि वाइनचं पुस्तक पाठ करत होतो.

मॅनेजर इटलीचा. दर सोमवारी दुपारी आम्हा सगळ्यांना वाइन चाखायला लावायचा. घोट तोंडात घोळवायचा आणि बादलीत थुंकायचा, ही या कामातली रीत. मला काही ते जमेना. मी गिळायचो. चौथ्या ग्लासला जीभ बोथट व्हायची, सहाव्याला मी हसायला लागायचो. त्या ग्लास पुसणाऱ्याला तर गिळायचंच नव्हतं. तो घोळवायचा, थुंकायचा, मिशी पुसायचा. मॅनेजर म्हणायचा, बघा, प्रोफेशनल माणूस असा असतो.

एका सोमवारी साग्रांतिनो नावाची वाइन आली. उम्ब्रिया भागातलं जाड सालीचं द्राक्ष, वाइन जवळजवळ काळी, आणि टॅनिन, म्हणजे सालीचा तुरटपणा, असं की जीभ टाळ्याला चिकटावी. मी पुस्तकातली व्याख्या धडाधड म्हटली. त्यानं घोट थुंकून एकच शब्द काढला.

"बोंडू."

काजूचं बोंडू. मग मला म्हणाला, "घशाला धरतं बघ, तसंच. पण मीठ लावलं की निवतं." त्याला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मॅनेजरला मी सांगितलं. अर्धंच सांगितलं. मीठ माझ्याजवळ ठेवलं.

पुढच्याच आठवड्यात मोहम्मद बिन झायद सिटीहून एक मराठी कुटुंब आलं. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस. मी भाजलेलं कोकरू सुचवलं आणि बरोबर साग्रांतिनो. जोडी पुस्तकात पक्की. काकूंनी पर्समधून ठेच्याची डबी काढली. मुलगा पुटपुटला, "मॉम, नॉट हिअर." काकूंनी मटणावर ठेचा थापला, घोट घेतला आणि तोंड कडू केलं. बाटली खराब आहे म्हणाल्या. मी त्यांना टॅनिन समजावायला लागलो. मॅनेजर लांबून बघत होता.

तेवढ्यात तो पुसलेले ग्लास घेऊन आला. टेबलावरच्या जुन्या, खारट चीजचा तुकडा त्यानं काकूंच्या ताटात ठेवला.

"काकू, ठेचा जरा बाजूला राहू दे. तिखटानं हे भडकतं. आधी हा तुकडा खा, पाणी प्या, मग कोकराची चरबी, मग घोट."

काकूंनी ऐकलं. थोड्या वेळानं नवऱ्याचा ग्लासही त्यांनीच ओढून घेतला. ज्यानं ती वाइन कधी गिळली नव्हती, त्यानं ती त्यांना प्यायला शिकवली.

मॅनेजरनं मला बाजूला घेऊन विचारलं, याचंच नाव पाठवू का? मी म्हणालो, "सर, तो पीत नाही. आणि दहावी नापास आहे." दोन्ही खरं होतं. नाव माझं गेलं.

त्याला ते कळलं असणार, पॅन्ट्रीत काय लपून राहतं? बोंडांच्या हंगामाला तो सुट्टीवर निघाला, तेव्हा मला पुस्तक पाठ करताना बघून थांबला.

"ग्रॅज्युएट, परीक्षेत गिळू नको हां."

तो परत आलाच नाही. त्याचा फोन लागत नाही, आणि लागला तर काय बोलणार, हे मी ठरवलेलं नाही.

दुबईतल्या परीक्षेत सहा ग्लास होते. आधीचे पाच मी थुंकले, दर वेळी आईची मनातल्या मनात माफी मागून. सहाव्यानं बोंडासारखा घसा धरला. कागदावर साग्रांतिनो लिहिलं. बरोबर काय द्याल, या प्रश्नाला कोकरू लिहिलं, जुनं चीज लिहिलं, तिखट नको लिहिलं आणि शेवटी मीठही लिहिलं.

मी पास झालो. आता मी वाइन कॅप्टन आहे.