शुगर पडली की स्प्रिंकलर सुरू

माझ्या दंडावर नाण्याएवढं एक यंत्र चिकटवलेलं असतं. माझी शुगर ते सारखी मोबाइलवर कळवत राहतं आणि ती सत्तरच्या खाली गेली की मोबाइल बोंबलतो. इतकी वर्षं इन्सुलिन टोचून शुगर पडतेय हे माझं मलाच कळेनासं झालंय; मोबाइल बोंबलेपर्यंत डोकं बधिर झालेलं असतं, मी नुसती त्याच्याकडे बघत बसते. एकदा शेगडीपाशीच आडवी झाले होते. दिवसभर घरात मी एकटी, आणि ही बोंब ज्यांनी ऐकायची ते आमचे हे कानाने अधू. बोंब त्यांच्या मोबाइलवरही जाते, पण तो बांधावरच्या बाभळीला, सदऱ्याच्या खिशात लटकलेला.

यावर यांनी सुधारणा काढली. आमच्या विहिरीवरच्या मोटरला मिस कॉल दिला की ती सुरू होते. हे मारेगावच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे अर्धा दिवस ठाण मांडून बसले आणि माझ्या मोबाइलमध्ये सोय करून आणली, की शुगर पडली की त्याने आपोआप मोटरला मिस कॉल द्यायचा. मग हरभऱ्यातले स्प्रिंकलर फिरणार, कापूस वेचता वेचता यांना ते दिसणार आणि हे घराकडे धावणार.

"मले ऐकू येत नाही, पण दिसते तं!" हे म्हणाले. मी कपाळाला हात लावला.

सुधारणा चालली. फारच चालली. पहिल्याच आठवड्यात चारदा स्प्रिंकलर फिरले. हरभरा फुलावर होता, त्याला पाणी नको होतं.

"येळेवर जेवत जाय ना, हरभरा पिवळा पडून राह्यला."

"मी काय हरभऱ्यासाठी जेवू?"

यांनी गंभीरपणे मान हलवली. त्यात शेतातली लाईन, म्हणजे वीज, काही तासच असते. सकाळी निघताना मला ताकीद मिळायची, "आज लाईन दहाले येते. तवरिक शुगर पडू देऊ नको."

यांनी कधी खरोखरच पिकाला पाणी द्यायला ओलीत सुरू केलं, तर ही खूण ठाऊक झालेली शेजारीण स्प्रिंकलर पाहून गूळ घेऊन पळत यायची आणि विचारायच्या आधीच माझ्या तोंडात कोंबायची. मग शुगर वाढली म्हणून मोबाइल उलट्या बाजूने बोंबलायचा.

आणि एक दिवस शेताला लाईन देणारी डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची पेटी, जळली. लाईनमन म्हणाला, आठ दिवस लागतील. दुसऱ्या दिवशी सकाळी हे वावरात गेलेच नाहीत. ओट्यावर माझ्यासमोर बसून राहिले. कापूस फुटून लोंबत होता, वेचणीच्या बाया निरोप पाठवत होत्या.

"कायले बसले असे? जा ना वावरात!" मी ओरडले.

"लाईन नाही. मले तिकून दिसन कसं?"

चार दिवस एक माणूस आपल्या तोंडाकडे टक लावून बसला की काय होतं, ते मलाच ठाऊक. मी भांडी आपटली, पाठ करून बसले, तर हे उठून पुढे येऊन बसले. चौथ्या दिवशी मी तांदूळ निवडत होते. हे एकदम आत गेले आणि मूठभर साखर आणून माझ्या तोंडाशी धरली.

"तुह्या कपाळाले घाम आला."

यांना शिवी द्यायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात मोबाइल बोंबलला.

मला रडूच आलं. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाला माझी नवी साडी कधी दिसली नव्हती.

डीपी सहाव्या दिवशीच दुरुस्त झाली. लाईनमन रस्त्यावरून तसं ओरडून गेला तेव्हा हे न्हाणीत होते. यांना मी दोन दिवसांनी सांगितलं.