सहाव्या फर्म्यातलं आपट्याचं पान

पुण्याची गाडी फाट्यावर थांबेल की नाही याचीच मला धास्ती होती. माय मात्र निवांत. तिच्या कडेवर माझी लेक झोपलेली, पायाशी ज्वारीच्या पिठाचं गाठोडं, आणि तोंडानं एकसारखं चालू, "पाणी उकळून पीत जा. कुणाच्या तोंडी लागू नको. लेकराला उन्हात धाडू नको." नवरा आधीच पिरंगुटला जाऊन लोखंडाच्या भट्टीवर लागला होता, मी त्याच्या मागून निघाले होते. गाडी थांबली. मायनं लेक माझ्या हातात दिली, गाठोडं वर ढकललं आणि खिडकीपाशी येऊन म्हणाली, "येशील तव्हा पाव्हणी म्हणून ये. परतून येऊ नको."

तिनं ते मायेनं म्हटलं की रागानं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण इथं आल्यापासून काहीही बिनसलं की पहिल्यांदा तेच कानात वाजतं.

तुम्ही जे गावाकडं आहात त्यांना वाटतं, ही पुण्यात राहते. मी पुण्यात राहत नाही. पुण्याची सिटी बस जिथवर येते तिथं राहते. पुढं पौडचा रस्ता, अलीकडं कारखाने, पलीकडं डोंगर. पारूमावशींच्या शेतात आता भाड्याच्या खोल्या उभ्या आहेत, त्यातली कडेची आमची. मावशी जमिनीच्या मालकीण, तरी रोज डबा घेऊन छापखान्यात कामाला येतात. "घरी बसून सुनांची तोंडं बघू व्हय?" असं म्हणतात. मला कामाला त्यांनीच लावलं. पहिल्या दिवशी माझं बोलणं ऐकून खोखो हसल्या आणि नाव ठेवलं, परभणी. "ए परभणी, हितं ये. न्हाई समजलं तर इचार, गप बसू नको." सगळा विभाग मला त्याच नावानं हाक मारतो. आणि गावी गेले की तिथल्या बाया म्हणतात, पुण्याची आली.

माझी शाळा आठवीत सुटली. पुढची शाळा लांब होती, एसटीचा भरवसा नव्हता, आणि मुलीला एवढ्या लांब पाठवायचं कुणाच्या मनात नव्हतं. पुस्तकांच्या कारखान्यात आपलं काय काम, असं पहिल्या दिवशी वाटलं. पण आमच्या बाइंडिंगच्या कामाला वाचता यावंच लागतं असं नाही. मोठा कागद छापून, घडी होऊन येतो, त्याला फर्मा म्हणतात. एका फर्म्यात सोळा पानं. मशीनला ओळीनं कप्पे असतात, एकेका बाईनं एकेक कप्पा सांभाळायचा, आपल्या नंबरचा फर्मा त्यात भरत राहायचा. मशीन एकावर एक फर्मे ओढतं आणि शेवटाला पुस्तक तयार. माझा कप्पा सहावा. त्यामुळं मी पुष्कळ पुस्तकं पाहिली, पण प्रत्येकाची तेवढीच सोळा पानं. सुरुवात मावशींच्या कप्प्यात, शेवट टोकाच्या मुलीकडं.

आमच्याकडं बाहेरच्या देशांची कामं येतात. त्यात ऑस्ट्रेलियाच्या लढाऊ जहाजांची पुस्तकं आली, एकामागून एक. मागच्या महायुद्धात कुठलं जहाज कुठं गेलं, कुणाला वाचवलं, कुठं बुडालं. आमचे इन्चार्ज शेखसर पौडचे. त्यांना वाचायचा नाद. जेवणाच्या सुट्टीत रद्द झालेली पानं घेऊन बसायचे आणि आम्हाला मराठीत सांगायचे. एकदा म्हणाले, "यांची काही छोटी जहाजं होती, त्यांना त्यांच्या लहान लहान गावांची नावं. काही गावांच्या जवळपास समुद्रसुद्धा नाही बरं का. पण गावातल्या बायका आपल्या नावाच्या जहाजासाठी मोजे विणून पाठवायच्या."

मावशींनी भाकरीचा तुकडा मोडत विचारलं, "म्हंजी आपल्या पौडाचं नाव दिल्यावानी?"

"तसंच समजा."

"मग ते जहाज यष्टीगत घाटातच बंद पडलं असतं," मावशी म्हणाल्या, आणि सरांना ठसका लागला.

मी मात्र हसता हसता थांबले. समुद्र मी अजून पाहिलेला नाही. पण आपलं गाव आपल्याला सोडून, आपलंच नाव लावून, कुठंतरी पाण्यावर चाललंय आणि मागच्या बाया त्याच्यासाठी मोजे विणतायत, हे मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

तेव्हापासून मी चित्रांखालची इंग्रजी अक्षरं जुळवायला लागले. लेक एव्हाना तिसरीत गेली होती, तिला विचारायचे. ती वैतागायची, "आई, हे आमच्या पुस्तकात नाहीये." तरी सांगायची. ही जहाजांची पुस्तकं नसती तर मी अजून नुसत्या चित्रांवरूनच फर्मा सुलटा की उलटा ते ओळखत बसले असते. त्या पुस्तकांचे माझ्यावर उपकार आहेत, आणि शेखसरांचेही.

गेल्या पावसाळ्यानंतर एका मोठ्या जहाजाचं पुस्तक आलं. माझ्या सहाव्या फर्म्यात ते जहाज बंदरातून निघतं. पानभर फोटो. वर कठड्याला टेकून पोरं उभी, काही तर मिसरूडसुद्धा न फुटलेली, आणि खाली धक्क्यावर बाया रुमाल हलवतायत. दिवसभर तोच फोटो माझ्या हाताखालून जायचा. आठवडाभर मला ते जहाज फक्त निघालेलं माहीत होतं. मग टोकाच्या कप्प्यावरची मुलगी जेवताना सहज म्हणाली, "ते? ते बुडालं की. त्यातलं एक पण माणूस परत आलं नाही. लई वर्षं कुठं बुडालं तेपण माहीत नव्हतं."

दुपारनंतर फर्मे भरताना मी त्या फोटोकडं बघायचं टाळायचं ठरवलं. टळलं नाही.

खंडेनवमीला छापखान्यात पूजा असते. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी, म्हणून सोनंही आम्ही आदल्या दिवशीच वाटून घेतो. शेखसर पौडच्या बाजारातून झेंडूच्या माळा आणतात, नारळ मावशी फोडतात. कटिंग मशीनला हार, शिलाई मशीनला हार, आणि टेबलावर नुकतंच तयार झालेलं एखादं पुस्तक सरस्वती म्हणून. त्या दिवशी तेच जहाजाचं पुस्तक होतं. वरचं वेष्टन गुळगुळीत, त्यावर हळदकुंकू काही ठरेना, घसरून पडायला लागलं. मी पुस्तक उघडलं. माझा हात आपोआप सहाव्या फर्म्यावर गेला. फोटोतल्या जहाजाला हळदकुंकू लावलं, दोन अक्षता टाकल्या आणि आपट्याचं पान ठेवून पुस्तक मिटलं. आमच्याकडं दसऱ्याला वह्यापुस्तकांत सोनं ठेवतात.

मावशी बघत होत्या. "पुस्तकात पाला कशाला गं घालती?"

"आमच्याकडं घालतात."

"लई शानी तुमची परभणी," म्हणाल्या, आणि वरून स्वतःही त्याला हात जोडले.

दसऱ्याची सुट्टी संपवून कामावर आलो. पॅकिंगवाल्या नव्या माणसानं टेबलावरची चांगली पुस्तकं उचलली आणि लेखकाला आगाऊ पाठवायच्या प्रतींत बांधली. त्यात तेही गेलं, विमानानं. कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

दिवाळीच्या तोंडावर तिकडून मेल आला, सोबत फोटो. फोटोत माझं पान, माझं कुंकू, तांदळाचे दाणे. लेखकानं ती प्रत एका म्हाताऱ्या बाईंना दिली होती. त्यांचा थोरला भाऊ त्या जहाजावर होता. बाईंनी पुस्तक उघडलं तर भावाच्या जहाजावर लाल-पिवळं काहीतरी. त्यांना वाटलं, कुणीतरी रागानं केलं. लेखकानं विचारलं होतं की हे काय आहे. आणि दुसरी गोष्ट त्याहून अवघड होती. त्यांच्या देशात बाहेरचं बी, पान, माती काही चालत नाही. बाकीच्या पुस्तकांत असलं काही सापडलं तर सगळा माल बंदरावर अडकणार. तो माल आमच्या गोदामात खोक्यांत भरून तयार होता.

मोठ्या साहेबांनी सगळी खोकी फोडायला लावली. आम्ही सगळ्या बाया जमिनीवर बसून एकेक पुस्तक उघडून, झटकून बघायला लागलो. पान मीच ठेवलं होतं हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. आमची कंत्राटं दिवाळीला संपतात, ज्यांच्याबद्दल तक्रार नाही त्यांचीच पुढं चालू राहतात. नवऱ्याच्या भट्टीवर तेव्हा काम मंदावलं होतं, घर माझ्या पगारावर चाललं होतं. माझं काम गेलं की खोली जाणार, खोली गेली की लेकीची शाळा, आणि मग फाट्यावर उतरून मायला काय तोंड दाखवायचं? पाव्हणी म्हणून तर नव्हतेच जाणार. पुस्तकं झटकताना मी मनात गाठोडी बांधत होते. शेगडी कुणाला द्यायची इथपर्यंत ठरवून झालं होतं.

"ए परभणी," मावशी माझ्या शेजारी सरकल्या, "रडून पुस्तक भिजवू नको. त्येचा आनि येगळा मेल यील."

एकाही पुस्तकात काही निघालं नाही.

संध्याकाळी शेखसरांनी मला बोलावलं. मी उभी राहिले, ते म्हणाले, "बस गं. साहेबांनी त्या लेखकाला उत्तर द्यायला सांगितलंय. काय केलंस आणि का केलंस ते सांग. मी इंग्रजीत लिहितो. माझ्या मनाचं घालणार नाही, तुझंच लिहीन."

मला वाटलं माफी मागायची. ती मागितलीच. पण सरांनी का केलंस तेही विचारलं होतं, म्हणून मी बोलले, "सर, माणूस लांब निघालं की त्याला कुंकू लावतात. त्या पोरांना लावलं असेल-नसेल, मला माहीत नाही. ती बोट रोज माझ्या हातातून निघायची आणि मी नुसती कप्प्यात भरायचे. म्हणून सणाच्या दिवशी लावलं. राग कशाचा असणार? मी त्यांना ओळखतही नाही."

सरांनी बराच वेळ टाइप केलं. मला वाचून दाखवलं, मराठीत. त्यात सणाचं, हळदकुंकवाचं, सोन्याच्या पानाचं सगळं होतं, आणि खोकी तपासल्याचंही.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते मी सांगत बसत नाही. मशीन चालू असलं की बरं वाटायचं. फराळाचं काही केलं नाही. लेकीनं विचारलं, "आपण गावाला जाणारोत का?" मी तिच्यावर ओरडले.

उत्तर आलं तेव्हा सर स्वतः कप्प्यापाशी आले, मशीन थांबवलं. पुस्तकांचा माल जाऊ द्यायला लेखकाची हरकत नव्हती, आणि पुढचं पुस्तकही आमच्याकडंच येणार होतं. "तुझं कंत्राट चालू आहे," सर आधी तेवढं बोलले, कारण माझा चेहरा त्यांना दिसत असणार. मग बाकीचं सांगितलं. पान आणि तांदूळ त्यांना नियमाप्रमाणं काढून नष्ट करावे लागले. लेखकानं बाईंना नवी कोरी प्रत देऊ केली, पण त्यांनी घेतली नाही. कुंकवाचं पुस्तक त्यांनी ठेवून घेतलं. आणि विचारलं होतं की हे ज्या बाईनं लावलं ती कुठली? तिचं गाव कुठलं?

"काय लिहू?" सरांनी विचारलं.

 इतकी वर्षं दोन्हीकडं लोक मला दुसरीकडचीच म्हणत आले. जिंतूरच्या पुढचं गाव लिहावं, तर ते पान तिथून गेलं नव्हतं. ते मुठा गावाच्या बाजूच्या रानातून मावशींच्या पोरानं आणलं होतं. पिरंगुट लिहावं, तर मला कुणी पिरंगुटची म्हणेल का? मी मावशींकडं बघितलं.

"माज्याकडं काय बघती?" मावशी म्हणाल्या. "पिरंगुटची लिव्हा ओ सर. माज्या घरात ऱ्हाती, माज्याशी रोज भांडती. अजून काय व्हायचं ऱ्हायलंय?"

सरांनी पिरंगुट लिहिलं. तालुका मुळशी, जिल्हा पुणे.

रात्री मायला फोन करून सगळं सांगितलं. तिला ऐकू कमी येतं, ओरडून सांगावं लागलं. जहाज, म्हातारी, कुंकू. भाऊ परत आला नाही म्हटल्यावर बराच वेळ "अरारा" करत राहिली. मग विचारलं, "मंग गाव कुठलं सांगितलंस?"

"पिरंगुट."

तिनं ते नाव एकदा स्वतःशीच म्हणून बघितलं. 

"बरं केलंस," ती म्हणाली. "ऱ्हातीस तिथलंच सांगावं." आणि मग जरा हट्टानंच, "पर त्या बाईला म्हणावं, कुंकू लावणाऱ्या लेकीची माय हिकडं हाय."

दुसऱ्या दिवशी मी सरांकडं गेले आणि विचारलं, अजून एक ओळ पाठवता येईल का. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "आता काय राहिलं?" मी सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं, हसले नाहीत. साहेबांना विचारून आले आणि एवढीच एक ओळ लिहिली, की या बाईची आई परभणी जिल्ह्यात राहते.

तुम्ही जे मागं राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे कुठल्यातरी भाड्याच्या खोलीत आहात, तुमचं कसं आहे मला माहीत नाही. माझ्या लेकीला कुणी गाव विचारलं की ती पटकन पिरंगुट म्हणते आणि खेळायला पळते. तिला दुसरी ओळ लागत नाही. मला लागते.